घरातला ऑपरेटर

रात्री अकरानंतर साइट चालते. धर्माबादच्या कॉलेजातल्या कुणालाही विचारा, हे ज्ञान त्याला पाठ्यपुस्तकाशिवाय झालेलं असतं. दिवसा सर्व्हर डाउन. ओटीपी येत नाही, आला तर मुदत संपल्यावर येतो. म्हणून जेवणं उरकली की बी.ए. दुसऱ्या वर्षाचं लेकरू उशाशी मायचं आधार कार्ड, बापाचा सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन बसतं. २०२४ च्या पावसाळ्यात ते ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर लाडक्या बहिणीचे अर्ज भरत होतं. आधी मायचा, मग चुलतीचा, मग गल्लीतल्या चौघींचा. वर्षभरानं त्याच बायांची ई-केवायसी निघाली आणि त्या पुन्हा त्याच दारात आल्या. मधल्या काळात पीकविमा झाला, ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक झाला, धाकट्या बहिणीचा प्रवेशअर्ज झाला. घरात वडील कर्ते असतात, पण घराचा शासनाशी जो व्यवहार चालतो त्याचा पासवर्ड या पोराकडे असतो. त्याला ऑपरेटर म्हणायला हरकत नाही. शेजारीपाजारी तसंच म्हणतात.

कॉलेजची मुलं नागरी जीवनात ऑनलाइन किती आणि कसा भाग घेतात, या प्रश्नाची चर्चा बहुधा हॅशटॅगपासून सुरू होते आणि ‘रीलमध्ये बुडालेली पिढी’ या तक्रारीपाशी संपते. तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाचा स्वतःचा पीकविमा कुणी भरला, हे तो सांगत नाही. हा आढावा मी उशाशी ठेवलेल्या त्या कागदांपासून सुरू करतो, कारण तालुक्याच्या गावात नागरिकपणाची पहिली ओळख तिथंच होते. धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. लाल मिरचीची जुनी बाजारपेठ, सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरचं स्टेशन, आणि हाकेच्या अंतरावर तेलंगणाची हद्द. इथला मोबाइल कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पीकपेरा तलाठी लिहायचा. बांधावर येऊन लिहायचा की चावडीत बसून, हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर नोंद करायची. शेतकऱ्यानं म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या शिकणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी उभं असताना बापानं चिखल तुडवायचा आणि पोरानं रेंज शोधत बांधावरून फिरायचं, अशी कामाची वाटणी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळसारखी गावं पाण्यात गेली, तेव्हाही मदतीच्या याद्यांत नाव शोधणं आणि केवायसी जुळवणं हे काम याच वयाच्या मुलांवर आलं. तलाठ्याचं, ग्रामसेवकाचं, बँकेतल्या कारकुनाचं थोडं थोडं काम शासनानं या पोरांच्या फोनमध्ये सरकवलं आहे. पगार नाही, हजेरी नाही, आणि चूक झाली तर बोल मात्र आहे.

लान्स बेनेट या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं तरुण नागरिकांचे दोन नमुने मांडले आहेत. एक कर्तव्य म्हणून मत देणारा, वर्तमानपत्र वाचणारा, संघटनेत जाणारा. दुसरा आपल्याला भिडलेल्या प्रश्नावर, आपल्या मित्रजाळ्यातून, आपल्या पद्धतीनं व्यक्त होणारा. जगभरच्या अभ्यासांत ही जोडी वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. धर्माबादच्या मुलाला मात्र ती बसत नाही. तो तिसराच आहे: अर्जदार. शासनाच्या संकेतस्थळांची भाषाच त्याला तसं घडवते. तिथं बटणं दोन, ‘अर्ज करा’ आणि ‘अर्जाची स्थिती पहा’. प्रश्न विचारायची सोय असते, पण ती शोधावी लागते. ‘आपले सरकार’ हे राज्याचं संकेतस्थळ जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी ते कॉलेजातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्याच नावाखाली तक्रार निवारणाचा विभाग आहे, आणि त्याच वर्षीच्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि मुदत हुकल्यास अपील दिलेलं आहे. दाखला पंधरा दिवसांत मिळाला नाही तर आपण ‘साहेबांना भेटतो’. अपील करत नाही. आपण म्हणजे मीसुद्धा.

तरीही अर्जदारपणाला हलकं लेखू नये, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण एक वाक्य आहे. शिष्यवृत्तीच्या दिवसांत कॉलेजच्या व्हरांड्यात ते सतत ऐकू येतं: ‘माझा फॉर्म कुणाच्या लॉगिनला अडकलाय?’ महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या कारकुनाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा संबंधित खात्याच्या. मागच्या पिढीला ‘वरून आलं नाही’ एवढंच उत्तर मिळायचं आणि ते पटायचंही. या पिढीला वर नेमकं कोण आहे आणि कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे दिसतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘प्रशासनाची रचना’ हा धडा असायचा. तो वाचून कुणाला काही कळलं नव्हतं. शिष्यवृत्तीची रक्कम अडकली की मात्र आठवड्यात कळतो. अडचण एवढीच, की हे ज्ञान आपल्या फॉर्मपुरतं वापरलं जातं. आपला सुटला की विषय सुटला. मागच्या बाकावरच्या चौघांचे फॉर्म अजून तिथंच असतात.

एकट्याचा प्रश्न चौघांचा करायला एक जागा लागते. मराठवाड्यात ती पूर्वी होती. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, तेव्हा उस्मानिया विद्यापीठातून आणि औरंगाबादच्या कॉलेजातून काढून टाकलेली मुलं नागपूरला जाऊन शिकली. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन आधी विद्यार्थ्यांनी पेटवलं, पुढारी मागून आले. त्यात वसमतला गोळीबार झाला. जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावानंतर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा सुरू झाला आणि त्यात नांदेड जिल्ह्यानं दिलेली किंमत इथल्या जुन्या माणसांना आजही नावानिशी आठवते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.

गंमत अशी, की ज्या वर्षी या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयातल्या प्रत्यक्ष निवडणुका गेल्या. मारामाऱ्या फार होतात, हे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. वर्गप्रतिनिधी गुणवत्ता यादीवरून नेमला जाऊ लागला, म्हणजे सगळ्यात जास्त मार्क असलेला मुलगा. त्याला बहुधा कुणाचंच प्रतिनिधित्व करायचं नसतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं मतपेटी परत आणली ती कागदावर. २०१९ मध्ये तारखा लागल्या, विधानसभा निवडणुकीसाठी पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. एवढ्या वर्षांत कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांनी आपल्या कॉलेजात मत म्हणून काही टाकलेलं नाही. ‘आजची मुलं फोनवरच काय ते बोलतात’ असं म्हणताना ही बाजू लक्षात ठेवायला हवी. बोलायची दुसरी जागा आपण कुलूप लावून ठेवली आहे.

त्या जागी कॉलेजनं काय दिलं? फोटो. नॅकच्या मूल्यांकनात उपक्रमाचा पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे अक्षांश-रेखांश छापलेला फोटो. त्यामुळे वृक्षारोपणात रोप एक आणि हात अकरा असतात, आणि फोटोच्या कोपऱ्यात जीपीएसचा चौकोन आला की नाही हे रोप नीट बसलं की नाही याच्या आधी बघितलं जातं. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभरच्या कॉलेजांनी गुगल फॉर्मवर प्रश्नमंजूषांचा पाऊस पाडला; दहा प्रश्न सोडवा, ई-प्रमाणपत्र घ्या. संविधान दिन, पर्यावरण दिन, मतदार दिन. एकेका मुलाकडे पन्नास-पन्नास प्रमाणपत्रं जमली, ती आता कुणी उघडतही नाही. पुढं घरोघरी तिरंगा आला, सेल्फी अपलोड करा, प्रमाणपत्र घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राचं ‘माय भारत’ संकेतस्थळ आलं आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी त्यावर नोंदणी करावी असा आग्रह सुरू झाला. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम करायचं असतं आणि एखाद्या खेड्यात सात दिवस मुक्कामी शिबिर असतं. त्या सात दिवसांत गावातल्या म्हातारीच्या ओट्यावर बसून जे शिकायला मिळतं, ते शिबिरात गेलेला कुणीही वीस वर्षांनी सांगतो. अपलोड केलेल्या सेल्फीबद्दल असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

फोटोचाच दुसरा प्रकार म्हणजे निवेदन. तालुक्याच्या ठिकाणी विद्यार्थी संघटनांचं मुख्य काम तहसीलदारांना निवेदन देणं. बस वेळेवर सुटत नाही, वसतिगृहात पाणी नाही, शिष्यवृत्ती आली नाही. झेरॉक्सच्या दुकानात मजकूर टाइप होतो, पाच-सहा जण ऑफिसात जातात, साहेब कागद हातात धरतात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. संध्याकाळी तो फोटो स्टेटसला, ग्रुपला आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर. याला हसणं सोपं आहे, पण मी हसणार नाही. आवक क्रमांकाचा शिक्का बसलेला कागद ही पुढच्या पाठपुराव्याची पहिली पायरी असते. फक्त पुढची पायरी फोटोत येत नाही, म्हणून ती चढली जात नाही. निवेदनाच्या फोटोनंतर महिनाभरानं ‘त्याचं काय झालं’ असं स्टेटस कुणाचं पाहिलंय?

पाठपुरावा करणारी मुलं आहेत, आणि ती वेगळीकडे आहेत: अभ्यासिकांमध्ये. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हा मराठवाड्यातला सध्याचा सगळ्यात जागरूक ऑनलाइन नागरिकवर्ग आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो. त्यांच्या टेलिग्रामच्या चॅनेलवर शासन निर्णय निघाल्याच्या तासाभरात येतो, त्यातलं कलम कुठं बदललं ते लाल रेघ मारून येतं. सरकारी भरतीचं महापरीक्षा पोर्टल २०२० मध्ये बंद झालं, ते याच मुलांनी सेंटरवरचे गोंधळ, चुकीचे प्रश्न, बंद पडलेले संगणक यांच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून रेटून धरल्यामुळे. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी, ११ मार्चला पुढे ढकलली गेली. तीही आधी अनेकदा हललेली. काही तासांत पुण्याच्या नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर मुलं जमा झाली. त्यांत नांदेड, लातूर, परभणीची कितीतरी होती. पेठांतल्या कॉट बेसिसच्या खोल्या या जिल्ह्यांनीच भरलेल्या असतात. आठवड्याभरातली, २१ मार्चची तारीख जाहीर करावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, तेव्हा पुन्हा तोच रस्ता आणि तोच निकाल: आयोगानं परीक्षा पुढे ढकलली.

२०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले आणि खुल्या गटाला एक हजार, राखीवला नऊशे रुपये शुल्क होतं. ‘बेरोजगाराकडून हजार रुपये कशाचे?’ हा प्रश्न आधी फोनवर तयार झाला, मग आमदारांच्या तोंडी आला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं तर फारच बोलकं उदाहरण. २०२४ मध्ये सहा महिन्यांसाठी कार्यालयांत नेमलेली मुलं, विद्यावेतन सहा ते दहा हजार. शासनानं त्यांना एकमेकांशी जोडलं नव्हतं. त्यांनी तालुका, जिल्हा, राज्य अशी ग्रुपांची उतरंड स्वतः रचली आणि मुदतवाढ मागितली. पाच महिन्यांची मिळाली. कायम करा ही मागणी तशीच राहिली.

लातूरची गोष्ट जरा वेगळी आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात नीट ही परीक्षा कमी आणि अर्थव्यवस्था जास्त. ४ जून २०२४ ला निकाल लागला. ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, दीड हजारांवर मुलांना वाढीव गुण. याची पहिली उलटतपासणी वर्तमानपत्रांनी केली नाही, मुलांनीच केली. ७१८ आणि ७१९ हे गुण मुळात मिळूच कसे शकतात, हे चार आणि उणे एकचं गणित मांडून त्यांनी त्या रात्री एकमेकांना दाखवलं. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, लातूरपर्यंत तपास आला, वाढीव गुण रद्द झाले. २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करायला न्यायालयानं नकार दिला. निकाल काहीही लागो, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी एका राष्ट्रीय संस्थेला तिच्याच आकड्यांत पकडलं. यापेक्षा चांगला नागरिकशास्त्राचा तास मला ठाऊक नाही.

म्हणजे आपल्या पोटाचा प्रश्न असला की ही पिढी उत्तम संघटित होते. यात कमीपणा काही नाही. १९७४ लाही नोकऱ्यांचाच प्रश्न होता. तेव्हा मात्र नोकऱ्यांपासून सुरू झालेली मागणी रेल्वे, सिंचन, विकास मंडळ अशी पसरत गेली. आजच्या ग्रुपला नाव असतं ‘तलाठी भरती २०२३’. भरती झाली की ग्रुप निजतो.

हद्दीपलीकडे काय चाललंय तेही बघू. धर्माबादहून निजामाबादकडे गाडी निघाली की थोड्याच वेळात तेलंगणातलं बासर येतं. सरस्वतीचं देऊळ सगळ्यांना माहीत आहे. तिथंच ट्रिपल आयटी म्हणून ओळखली जाणारी, २००८ मध्ये सुरू झालेली निवासी तंत्रशिक्षण संस्था आहे. जून २०२२ मध्ये तिथली हजारो मुलं-मुली आठवडाभर फाटकाच्या आत उन्हापावसात बसली. मागण्या बारा: पूर्णवेळ कुलगुरू द्या, जेवण सुधारा, शिक्षक भरा, असल्या. फाटकं बंद, पत्रकारांना आत मज्जाव, तेव्हा फोन हीच त्यांची खिडकी. राज्याचे मंत्री के. टी. रामाराव यांना ती ट्विटरवर थेट हाक मारत राहिली आणि मंत्र्यांना तिथंच उत्तर द्यावं लागलं. शेवटी शिक्षणमंत्री सबिता इंद्रा रेड्डी रात्री संस्थेत येऊन बोलल्या, तेव्हा मुलं उठली. हे ज्या गावात घडलं तिथं धर्माबादची माणसं वसंतपंचमीला दर्शनाला जातात. पण त्या आठवड्यात इकडच्या किती कॉलेजांत त्याची चर्चा झाली असेल? हद्द फक्त नकाशावर असते असं म्हणतात. बातम्यांच्या बाबतीत ती फोनमध्येही असते. तिकडच्या योजना मात्र हद्द ओलांडतात. तेलंगणानं २०१८ मध्ये ‘रयतु बंधू’ आणली, एकरी हंगामाला चार हजार. तेलुगू समजणाऱ्या पोरांनी ते व्हिडिओ घरच्यांना दाखवले, आणि त्याच सुमारास धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. त्यामागं राजकारण होतंच. पण शेजारच्या सरकारचा हिशेब फोनवर मांडून आपल्या सरकारला लाजवणं, हा सीमेवरच्या माणसाचा खास हक्क आहे आणि तो त्यानं बजावला.

आता अंधारी बाजू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेनं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारली. भिक्षा मागत फिरणारी माणसं. त्या महिन्यात देशभर असेच बळी गेल्यावर कंपनीनं भारतात एका वेळी पाच जणांनाच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं. स्टेटस हा शब्द आपल्याकडे आता पोलीस ठाण्याच्या डायरीतला झाला आहे. जयंती, पुण्यतिथी, चित्रपट, क्रिकेट, कशावरूनही. जातीचा आणि धर्माचा अभिमान चोवीस तास टिकतो आणि मग आपोआप पुसला जातो. गुन्हा पुसला जात नाही, आणि पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो.

म्हणून घराघरातली पहिली सूचना अशी असते: ‘स्टेटस-बिटस ठेवू नको, नोकरी लागायचीय.’ ही भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणारी पालघरची मुलगी आणि त्या ओळी ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण अटकेत गेल्या होत्या. ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण मे २०२५ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला एका पोस्टसाठी अटक झाली, कॉलेजनं तिला काढून टाकलं, आणि पोस्ट तिनं तासा-दोन तासांत पुसून माफी मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयानं तिला सोडायला लावलं, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारला खडसावलं, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. कायदा अंती बाजूनं उभा राहतो. मधले दिवस कोठडीत काढावे लागतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं, की ग्रुपवर दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार नाही. तरी गावाच्या ग्रुपचा ॲडमिन ‘ओन्ली ॲडमिन’ करूनच झोपतो.

मुलींचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं आणि स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. कॉलेजातल्या मुलींत दरी एवढी नाही, पण तिचा आकार वेगळा आहे. फोन असतो, सिम भावाच्या नावावर असतं. डीपीला गुलाब किंवा महापुरुष. वर्गाच्या ग्रुपवर मुलं बोलतात, मुली वाचतात. मग मुलींचा वेगळा ग्रुप असतो आणि खरी चर्चा तिथं असते. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख सगळ्यात आधी त्या ग्रुपला कळते, हे मी अनेक वर्ग बघून सांगतो. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांत, नांदेडच्याही, निवेदन वाचायला मुलींना पुढं केलं होतं. मोर्चाचं बरंचसं नियोजन व्हॉट्सॲपवर झालं. त्या मुलींपैकी कितीजणी त्या नियोजनाच्या ग्रुपमध्ये होत्या, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

मतदानाबद्दल थोडक्यात. मतदार नोंदणीसाठी २०२२ पासून वर्षाला चार पात्रता तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. अर्ज भरण्यात पारंगत असलेल्या मुलांना नमुना ६ अवघड नाही. नांदेडकरांनी २०२४ मध्ये लोकसभेसाठी दोनदा मत दिलं, २६ एप्रिलला आणि खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे पुन्हा २० नोव्हेंबरला, विधानसभेसोबत. दोन्ही दिवशी स्टेटसवर शाईची बोटं होती. ती बोटं फुकट नसतात. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकनं ६ कोटी १० लाख लोकांवर केलेल्या प्रयोगात, मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दाखवल्यावर थेट आणि मित्रांमार्फत मिळून सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली, असा निष्कर्ष निघाला. नुसत्या आवाहनानं फरक पडला नाही, ओळखीच्या चेहऱ्यानं पडला. आपल्याकडे गल्लीतल्या माणसाला हे प्रयोगाशिवाय माहीत आहे.

मत पाच वर्षांनी असतं. मधल्या काळासाठी ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांच्या आसपास कॉलेजला सुट्टी असते, मुलं गावात असतात, आणि तरी ग्रामसभेला नसतात. तिथं म्हातारी माणसं आणि कोरम असतो. पण गंमत बघा, केंद्राच्या ‘ई-ग्रामस्वराज’वर आपल्या ग्रामपंचायतीला किती निधी आला, कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, हे राज्य-जिल्हा-तालुका-गाव असं निवडत गेलं की दिसतं. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर हजेरीपत्रकही दिसतं, कुणाच्या नावावर किती दिवस. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही, रात्री अकराची वाट बघावी लागत नाही. ज्या लेकरानं सगळ्या गल्लीचे अर्ज भरले त्याला हे पान उघडायला दोन मिनिटं लागतील. उघडून दाखवलं की मुलं आधी हसतात, कारण त्यात आपल्या गल्लीतली नाली झालेली असते. मग गप्प होतात. ज्याच्या सहीनं ती नाली झाली तो चुलता असतो, किंवा चुलत्याचा सोयरा, आणि बापाच्या विहिरीची फाइल त्याच्याकडे असते. शहरात बसून ‘तरुणांनी प्रश्न विचारावेत’ असं लिहिणाऱ्यांना हा सोयरा माहीत नसतो. मुंबईत आरेच्या झाडांसाठी २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला झाडतोड थांबली. सरन्यायाधीशांना पत्र लिहिणं मी सोपं म्हणत नाही, पण ते सरपंचाला विचारण्यापेक्षा सोपं आहे.

सोयरा आड येत नाही असेही प्रश्न धर्माबादला आहेत, आणि त्यातला एक गोदावरीत उभा आहे. तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याला विरोध करायला जुलै २०१० मध्ये आंध्र प्रदेशचे नेते चंद्राबाबू नायडू आमदारांसह हद्दीवर आले, अटक होऊन धर्माबादला ठेवले गेले. त्याच प्रकरणात २०१८ मध्ये धर्माबादच्या न्यायालयानं त्यांच्यावर वॉरंट काढलं आणि गावाचं नाव दोन दिवस तेलुगू वाहिन्यांवर झळकलं. तेव्हा इथल्या पोरांनी विनोद खूप केले. मूळ गोष्ट अशी, की २.७४ टीएमसीच्या या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले ठेवावे लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. म्हणजे पूर येतो आणि जातो, आणि दरवाजे पडतात तेव्हा नदी उतरलेली असते. १ जुलैला दोन्ही राज्यांचे अधिकारी उभे असतात, दरवाजे वर जातात, आणि पाण्याचा लोट, मागं गाणं असे रील दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर येतात. २८ ऑक्टोबरला रील फारसा कुणी करत नाही. त्या दिवशी बंधाऱ्यात किती पाणी अडलं, गेल्या दहा वर्षांत कोणत्या वर्षी किती, आणि १ मार्चला सोडल्यावर किती उरलं, एवढे तीन प्रश्न एका कोऱ्या कागदावर मावतात. तो झाला माहिती अधिकाराचा अर्ज. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, किंवा तोच अर्ज राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज भरणारं लेकरू घरात आहेच.